विंचू चावल्यावर हात-पाय गार का पडतात?

मे महिन्याचा उकाडा, मूल घामाने निथळतंय, आणि पावलांना हात लावावा तर ती गारठलेली. लाल विंचू चावलेल्या मुलांमध्ये हे दृश्य महाड-पोलादपूरपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. घरच्यांना मात्र त्याचा उलगडा होत नाही. ठणका बराचसा कमी झालेला असतो, कुणीतरी ‘विंचू उतरला’ म्हणतं, पाय गार लागतात म्हणून मुलाला गोधडीत गुंडाळलं जातं आणि सकाळी बघू असं ठरतं. त्याच रात्रीत काही मुलं हातची जातात.

अशा वेळी पावलं गार पडतात, कारण अंगभरातल्या बारीक रक्तवाहिन्या एकाच वेळी आवळल्या गेलेल्या असतात. आवळण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून येतो. एरवी हाच हुकूम आपल्याला दिवसातून शेकडो वेळा वाचवतो. अंथरुणातून उठून उभं राहिल्यावर चक्कर येत नाही, ती त्याच्यामुळेच. तो हुकूम कसा पोचतो आणि विंचवाचं विष त्यात कुठे घुसतं, हे एकदा समजलं की विंचूदंशात काय करायचं आणि काय टाळायचं हे पाठ करावं लागत नाही.

## रक्तवाहिनीलाही स्नायू असतो

हृदयातून निघणारी महाधमनी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिला फाटे फुटत फुटत शेवटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक नळ्या होतात. त्यांना धमनिका म्हणतात. धमनिकेच्या भिंतीत आतून एक पातळ अस्तर असतं, मधे गोलाकार स्नायूपेशींचा थर असतो आणि बाहेरच्या आवरणात मज्जातंतूंचं जाळं असतं. मधला स्नायू आखडला की नळी अरुंद होते, सैल पडला की रुंद होते. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. धमनिकांच्याही पुढे केशवाहिन्या येतात. त्यांना स्नायू नसतो, त्यामुळे कुठल्या भागात किती रक्त जायचं याचा निकाल धमनिकांमध्येच लागतो.

इथलं गणित मोठं कठोर आहे. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. दाब तोच ठेवून त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी केली तर प्रवाह सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. त्रिज्या निम्मी केली तर तो सोळाव्या भागावर येतो. त्यामुळे स्नायू जरासा आखडला तरी पावलाचा रक्तपुरवठा जवळजवळ तुटू शकतो.

पोफळीच्या बागेतली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. विहिरीवर एक पंप, एक मुख्य पाइप आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कॉक. वरच्या तुकड्याला पाणी कमी पडलं तर खालचे दोन कॉक अर्धे बंद करायचे, पंपाला हातही लावायचा नाही. शरीर हेच करतं. धावताना पोटाकडचे कॉक आवळून पायांचे सोडतं, थंडीत कातडीचे आवळतं. पण पंप जोरात चालू असताना सगळ्या बागेचे कॉक एकदम बंद केले तर काय होईल? विषारी विंचूदंशात तेच होतं.

## हुकूम सुटतो कुठून

मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकापाशी, रक्तदाबावर लक्ष ठेवणारं केंद्र आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब जाणणारी टोकं असतात, ती या केंद्राला सतत खबर देत असतात. केंद्राकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून खाली उतरतो, छाती ते कमरेच्या भागात कण्याबाहेर पडतो आणि मणक्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गाठींच्या साखळीत पोचतो. तिथे दुसरा तंतू तो संदेश उचलतो आणि थेट रक्तवाहिनीपर्यंत नेतो. या सगळ्या यंत्रणेला सिम्पथेटिक चेतासंस्था म्हणतात. पुढे तिला नुसतं सिम्पथेटिक म्हणतो.

शेवटचा तंतू अगदी बारीक असतो आणि त्याच्यावर मेदाचं आवरण नसतं, म्हणून त्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. हात हलवण्याचा हुकूम नेणारे तंतू सेकंदाला पन्नास मीटरहून अधिक वेगाने संदेश नेतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेपासून पावलाच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचायला हुकमाला एखादा सेकंद लागतो. या कामाला तेवढं चालतं.

हे तंतू कधीच पूर्ण गप्प नसतात. आपण शांत बसलेलो असतानाही सेकंदाला साधारण एक ठोका या हिशेबाने ते रक्तवाहिन्यांना किंचित आवळून ठेवतात. बहुतेक रक्तवाहिन्यांना सैल करण्यासाठी वेगळा तंतू नसतोच. हेच ठोके कमी झाले की वाहिनी रुंदावते, वाढले की आवळते. १८५१ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला सिम्पथेटिक तंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला. वर्षभरात असंही दिसलं की कापलेल्या टोकाला वीज दिली की कान पुन्हा गार आणि फिका पडतो. गार पावलांचं कोडं तिथेच अर्धं सुटलेलं आहे.

## तंतूच्या मण्यापासून स्नायूच्या आतपर्यंत

रक्तवाहिनीपाशी पोचल्यावर तंतू एका टोकाला संपत नाही. तो वाहिनीच्या बाहेरच्या अंगाने पसरत जातो आणि त्याच्यावर ठरावीक अंतराने मण्यांसारखे फुगवटे असतात. प्रत्येक फुगवट्यात सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन भरलेलं असतं. सिम्पथेटिकचा निरोप्या तो हाच, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पुढच्या घडामोडी अशा क्रमाने होतात. विजेचा ठोका फुगवट्यावरून गेला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यामुळे पिशव्या कडेला येऊन फुटतात आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर पडतं. ते स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरच्या अल्फा-१ नावाच्या ग्राहीला चिकटतं. ग्राही म्हणजे ठरावीक रसायनच ओळखणारं प्रथिन. रसायन स्वतः पेशीच्या आत जात नाही. ग्राही आतल्या बाजूला दुसरा निरोप तयार करतो, त्या निरोपाने पेशीतल्या कोठारातलं कॅल्शियम मोकळं होतं, आणि बाहेरूनही पेशीच्या भिंतीतल्या दारांमधून कॅल्शियम आत येतं.

आता खरी मेख येते. हाता-पायाच्या स्नायूत कॅल्शियम वाढलं की आकुंचनाचं यंत्र थेट सुरू होतं. रक्तवाहिनीच्या स्नायूत तसं होत नाही. तिथे कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं. ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागं करते, आणि तो विकर मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा बसवतो. तो बसल्यावरच मायोसिन शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला ओढू लागतं आणि पेशी आखडते. दुसरा एक विकर तो तुकडा काढून टाकायच्या मागे असतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्या काढणाऱ्या विकरालाही दाबून ठेवतं, म्हणून कॅल्शियम थोडं ओसरलं तरी आवळ टिकतो.

इतक्या पायऱ्या असल्यामुळे हे आकुंचन हळू, काही सेकंदांत येतं. पण एकदा आलं की फार थोड्या ऊर्जेत कितीतरी वेळ टिकतं. मूठ घट्ट आवळून दहा मिनिटं धरवत नाही. रक्तवाहिनी तासन् तास आवळलेली राहू शकते आणि थकत नाही. निरोगी माणसात हा गुण वरदान आहे. विंचूदंशात तोच जिवावर उठतो.

आवळ सुटतो तो साफसफाईमुळे. बाहेर पडलेलं बहुतेक नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तोच तंतू परत शोषून घेतो. शिवाय तंतूवरच अल्फा-२ नावाचा दुसरा ग्राही असतो. बाहेर रसायन पुरेसं साचलं की तो ‘आता पुरे’ असं तंतूला कळवतो. ही दोन नावं, अल्फा-१ आणि अल्फा-२, लक्षात ठेवा. औषधाची सारी गंमत त्यांच्यात आहे.

## विष नेमकं कुठे घुसतं

मज्जातंतूतला विजेचा ठोका म्हणजे सोडियमची दारं उघडणं. ती मिलिसेकंदभर उघडतात आणि आपोआप मिटतात, म्हणून एका हुकमाला एकच ठोका पडतो. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं या दारांना चिकटतात आणि ती वेळेवर मिटू देत नाहीत. मग एका ठोक्याच्या जागी ठोक्यांची माळ सुटते. मेंदूने काहीही सांगितलेलं नसताना सिम्पथेटिकचे तंतू सगळीकडे एकदम पेटतात, पिशव्या रित्या होऊ लागतात आणि साफसफाईला ते झेपत नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींनाही याच तंतूंचा हुकूम असतो, त्यामुळे त्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन ओततात.

याच विंचवाच्या विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन आहे. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत पोटॅशियमची एक प्रकारची दारं असतात. कॅल्शियम फार वाढलं की ती उघडून आवळाला लगाम घालतात. आयबेरिओटॉक्सिन नेमकी तीच बंद करतं. ते इतकं अचूक आहे की रक्तवाहिन्यांवर संशोधन करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. जांभ्याच्या गडग्यातल्या विंचवाने शास्त्रज्ञांच्या हाती दिलेलं हे हत्यार!

विष सिम्पथेटिकच्या जोडीदार तंतूंनाही सोडत नाही, म्हणून सुरुवातीला उलट्या, तोंडाला लाळ आणि मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता ही लक्षणंही दिसतात. शेवटचं लक्षण सांगायला घरचे लाजतात. कृपया लाजू नका, डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार मोलाची माहिती आहे. घामाच्या ग्रंथींचा हुकूमही सिम्पथेटिककडूनच येतो. म्हणून एकाच वेळी घाम फुटतो आणि कातडी गार पडते.

## रक्तवाहिन्या आवळल्या, मग फुफ्फुसात पाणी कसं?

आता पंप आणि कॉक आठवा. धमनिका आवळल्यामुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याला प्रचंड दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. शिरांनाही स्नायू असतो आणि त्याही आवळतात. शरीरातलं निम्म्याहून अधिक रक्त एरवी शिरांमध्ये साठलेलं असतं, ते आता हृदयाकडे लोटलं जातं. पुढचा रस्ता बंद आणि मागून लोंढा. त्यातच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या माऱ्याने हृदयाचा स्नायूही दुबळा होतो. मग रक्त फुफ्फुसात तुंबतं, केशवाहिन्यांतलं पाणी हवेच्या पोकळ्यांत झिरपतं. मुलाला धाप लागते, आडवं झोपवत नाही, खोकल्यातून फेस येतो, कधी तो गुलाबीसर असतो. विंचूदंशाचे बहुतेक मृत्यू या वाटेने होतात.

विंचू जेवढं विष टोचतो तेवढंच लहान मुलाच्या कमी वजनावर पसरतं. म्हणून धोका मुलांना सगळ्यात जास्त.

## “ठणका कमी झालाय, मग धोका टळला ना?”

नाही. ठणका हे दंशाच्या जागेचं दुखणं आहे, आवळ हे अंगभराचं. दोघांचा मेळ बसेलच असं नाही. पुष्कळदा उलटंच दिसतं: बोट भयंकर ठणकतंय, पण घाम नाही, उलटी नाही, हात-पाय गरम आहेत, तर प्रकरण दंशापुरतं राहण्याची शक्यता जास्त असते. तरी पहिले काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं बरं. आणि ठणका नावाला, पण मूल घामाघूम आणि पाय गार, तर एक मिनिटही दवडू नका.

तपासणं सोपं आहे. आपल्या हाताची मागची बाजू आधी मुलाच्या पोटाला लावा, मग पावलाला. फरक ठळक जाणवला तर तो आवळ. अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पांढरंच राहिलं तर तिथे रक्त पोचत नाहीये.

## “पाय गार आहेत, मग शेक दिला तर?”

शेकाने तंतूंवरची विषाची पकड सुटत नाही. रक्तपुरवठा नसलेल्या कातडीला गरम पाण्याची पिशवी लावली तर ती भाजते, कारण उष्णता वाहून न्यायला तिथे रक्तच नसतं. दोरी आवळून बांधणं, दंशावर चिरा देणं, चिंचोका घासून चिकटवणं, चुना, कांदा, मंत्र यांपैकी काहीही सोडियमच्या दारांपर्यंत पोचत नाही. त्यात गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही, याची फार हळहळ वाटते.

## “बीपी नॉर्मल आलं, तरी ठेवून का घेतात?”

बीपीचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: हृदय किती जोराने ढकलतंय आणि वाहिन्या किती आवळल्यात. सुरुवातीला दोन्ही जास्त, म्हणून आकडा चढतो. पुढे हृदय थकलं की आकडा खाली येतो, पण आवळ तसाच असतो. वाटेत कुठेतरी तो आकडा ‘नॉर्मल’ दिसतोच. म्हणून जाणकार डॉक्टर यंत्राइतकाच पावलांवर विश्वास ठेवतात.

## गोळी काय करते

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ही लक्षणं वर्षानुवर्षं रुग्णांच्या उशाशी बसून नोंदवली. उलटी, घाम, ताठरता, गार हात-पाय ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना आहे हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिनच्या वापराबद्दल लिहिलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. ती वापरात आल्यावर गंभीर विंचूदंशातलं सुमारे ४० टक्के मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणाला अभिमान वाटावा असं हे काम आहे, आणि ते मोठ्या शहरातल्या संस्थेत नव्हे तर सावित्रीच्या खोऱ्यात झालं.

प्राझोसिन स्नायूपेशीवरचा अल्फा-१ ग्राही अडवतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन कितीही सांडलेलं असो, त्याला बसायला जागा उरत नाही. पुढची कॅल्शियमची साखळी सुरू होत नाही आणि धमनिका व शिरा दोन्ही सैल पडतात. तंतूवरच्या अल्फा-२ ला मात्र ते हात लावत नाही, त्यामुळे ‘आता पुरे’ हा निरोप चालूच राहतो. दोन्ही ग्राही अडवणारी जुनी औषधं तो निरोपही बंद करत आणि तंतू आणखी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडत.

मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम असं प्रमाण वापरतात, म्हणजे १५ किलोच्या मुलाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. साधी गोळी तोंडाने देतात. अंगात सावकाश सुटणारी, दिवसभर पुरणारी गोळी इथे कामाची नाही आणि ती चुरडून देणं धोक्याचं आहे. हात-पाय गरम होईपर्यंत काही तासांच्या अंतराने, दर वेळी तपासून, डोस पुन्हा दिला जातो. हा आकडा घरी गोळी देण्यासाठी सांगितलेला नाही. डोस कमी-जास्त झाला तर तो सावरायला समोर डॉक्टर हवा.

कारण गोळीचा एक स्वभाव आहे. पहिल्या डोसनंतर मूल उठून उभं राहिलं तर पायांच्या वाहिन्या आवळण्याचा नेहमीचा हुकूमच अडवलेला असतो. रक्त खाली उतरतं, दाब एकदम पडतो आणि मूल कोसळतं. म्हणून डोसनंतर सुमारे तीन तास त्याला आडवंच ठेवतात. कडेवर उभं धरायचं नाही, लघवीलाही उठवायचं नाही. घाम आणि उलट्यांनी अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, त्यामुळे उलटी थांबली की तोंडाने घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्यायचं. आल्या आल्या भराभर सलाईन चढवा असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. आवळलेल्या वाहिन्यांत ते पाणी फुफ्फुसाकडेच जातं. किती द्यायचं ते डॉक्टर पाहून ठरवतात.

विंचूविषावरची लस, म्हणजे अँटिव्हेनम, वेगळं काम करते. ती रक्तातलं मोकळं विष बांधते, पण आधीच सांडलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन किंवा आवळलेला स्नायू तिला सोडवता येत नाही. म्हणून दोन्ही मिळून दिलेलं चांगलं. महाडमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. लस नसली तरी उपचार थांबत नाहीत, नुसत्या प्राझोसिनवरही जीव वाचतो.

## विंचू ओळखायचा कसा

नांग्या बारीक, शेपूट जाडसर, रंग तांबूस-तपकिरी, आकार साधारण बोटाएवढा: हा विषारी लाल विंचू. मोठा काळा विंचू, ज्याला इंगळी म्हणतात, दिसायला भयंकर, नांग्या रुंद, पण त्याचं विष सहसा दंशाच्या जागीच ठणकतं. विंचू शोधत बसून उशीर मात्र करू नका. उपचार लक्षणांवरून ठरतात.

तो जांभ्याच्या गडग्यात, सरपणाखाली, शेणींच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, कौलांच्या फटीत आणि रात्रभर ओटीवर पडलेल्या चपलेत बसतो. अतिनील किरणांच्या छोट्या बॅटरीच्या उजेडात विंचवाचं अंग अंधारात हिरवट-निळसर चमकतं. पेंढा काढण्याआधी किंवा मुलांना जमिनीवर झोपवण्याआधी अशी बॅटरी एकदा फिरवली की तो लांबूनही दिसतो.

## दवाखान्यात नेताना

चावल्याची वेळ लिहून घ्या. मुलाला चालवत नेऊ नका, आडवं ठेवा. धाप लागली असेल तर मात्र टेकून बसवा. गाडीसाठी १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आधीच कळवा, म्हणजे गोळी तयार राहील. पोचल्यावर तीन गोष्टी सांगा: चावला कधी, उलटी आणि घाम कधी सुरू झाला, आणि पाय गार कधीपासून आहेत. वाटेत कुठलं औषध दिलं असेल, कितीही किरकोळ असलं तरी, तेही सांगा.

उपचार लागू पडले की आधी घाम थांबतो, मग हळूहळू हाताचे तळवे आणि सगळ्यात शेवटी पावलं गरम होतात. पावलं गरम झाली की पुढचा डोस थांबवतात. त्यानंतरही मुलाला काही तास देखरेखीखाली ठेवलं जातं, कारण गोळीचा असर उतरल्यावर विष अजून शिल्लक असेल तर पावलं पुन्हा गार पडू शकतात.